मेल येत नाही म्हणे

नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलच्या रेषेवर कोणी थांबत नाही. रेषा तिकडे उन्हात पडून असते आणि आम्ही सगळे बरेच अलीकडे, जिथे कुठे कडुलिंबाची सावली असेल तिथे, गाडीला गाडी खेटून उभे. बाहेरगावची माणसं याला हसतात. एकदा पंचेचाळीस डिग्रीत उभी राहिली की दुसऱ्या दिवशी तीही झाडाखाली येतात.

सक्करदऱ्याच्या त्या सिग्नलजवळ झाड एकच, तेही तारांसाठी अर्धं छाटलेलं. मी माझी ॲक्टिवा तिथे घालायला आणि एक काळी मोटरसायकल तिथे घुसायला एकच गाठ पडली. त्याचं पुढचं चाक सावलीत आणि माझं मागचं, माणसं दोघंही उन्हात.

"ओ भाऊ," मी म्हटलं, "सावली काय नावावर करून घेतली का?"

त्याने मान वळवली. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. मी तरी काय वेगळी… फुलाफुलांचा स्कार्फ, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. उन्हाळ्यात आमच्याकडे सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखू येत नाही.

"नाही जी," तो म्हणाला. "सातबारा अजून झाला नाही. तुम्ही या ना अंदर."

आणि पायाने रेटत त्याने गाडी मागे घेतली. अख्खी सावली मला, आणि तो भर उन्हात. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी फटकळ आहे, पण निर्दय नाही.

"आता तुमचं डोकं तापन ना."

"ते तं घरूनच तापून आलं होतं. तुमच्याशी बोलून थंड होऊन राहिलं."

मी डोळे वटारले. गॉगलच्या आड वटारलेले डोळे कोणाला दिसतात? तेवढ्यात सिग्नल सुटला. तो डावीकडे वळला, मलाही डावीकडेच जायचं होतं. तो तलावाच्या बाजूने गेला, मीही गेले. तिसऱ्या वळणाला त्याने गाडी हळू केली आणि मी शेजारी येताच म्हणाला, "मॅडम, सावली दिली म्हणून घरापर्यंत सोडून द्यायले येऊन राहिल्या का?"

"मी माह्या कामाला जाऊन राहिली. तुम्हीच पुढे पुढे करून राहिले."

मग आम्ही दोघंही एकाच फाटकातून आत शिरलो. फाटकावर पाटी होती – मधुकर काटा सर्व्हिसेस.

पार्किंगच्या टिनाखाली मी स्कार्फ सोडायला लागले. त्याला वेळ लागतो, तीन वेढे असतात. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तोही दुपट्टा काढून उभा होता. सावळा चेहरा, कपाळावर घाम, केस चपटे झालेले. देखणा वगैरे नव्हता हो. पण त्याने माझ्याकडे पाहिलं ते जरुरीपेक्षा क्षणभर जास्तच, आणि मग स्वतःच गडबडून गाडीची चावी पाडली. माझे कान गरम झाले. उन्हाने असेल म्हटलं.

त्याचं नाव पियुष गावंडे. आणि मी ज्याच्याकडे कामासाठी आले होते तो हाच, हे मला वर ऑफिसात गेल्यावर कळलं.

काम असं होतं. मधुकररावांची कंपनी धरमकाटे दुरुस्त करते, म्हणजे भरलेला ट्रक ज्यावर उभा करून तोलतात ते जमिनीतले मोठे काटे. वीजकेंद्र, कोळसा, सिमेंट, सगळीकडे ते लागतात आणि एक काटा बंद पडला की मागे ट्रकांची रांग लागते. गिऱ्हाईक तक्रारीची मेल करायचं. सगळ्या मेल एका पत्त्यावर यायच्या, पियुष त्या वाचायचा आणि टीमच्या चॅटमध्ये ज्या त्या गावच्या चॅनलला, म्हणजे तिथल्या माणसांच्या गटात, उचलून टाकायचा. मौद्याची मौद्याला, उमरेडची उमरेडला. पियुष जेवायला गेला की मेलही जेवायला जायची.

मधुकररावांना हवं होतं की प्रत्येक चॅनलला स्वतःचा मेलचा पत्ता असावा. गिऱ्हाइकाने मेल केली की ती थेट त्या टीमच्या फोनवर पडावी. चॅनल होते ढीगभर. हाताने एकेकाला पत्ता काढत बसलं तर पावसाळा आला असता. म्हणून ते एपीआयने करायचं. एपीआय म्हणजे सेतू केंद्राची खिडकी समजा. आपण ठरल्याप्रमाणे कागद आत सरकवायचा, 'या चॅनलला मेलचा पत्ता काढून द्या', आणि आतून पत्ता बाहेर येतो. आत कोण बसलंय, काय करतंय, आपल्याला पाहायचं नाही. फरक इतकाच की इथे 'उद्या या' म्हणत नाहीत. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिणार होते, ती एकामागून एक सगळे कागद सरकवणार होती.

हे माझं एकटीने करायचं पहिलं काम. महाल भागात भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, श्वेता मॅडमचं. तिथे मी प्रोबेशनवर होते. आणि घरी बाबांशी ठरलेलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात आहेत, त्यांना सहा जणांची कंपनी म्हणजे पानठेला वाटतो. ते म्हणाले होते, "जूनपर्यंत परमनंट झाली तं ठीक. नाहीतर पुण्याले मामाकडे जायचं अन् बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा." मी हो म्हटलं होतं. मी लिहिलेलं काहीतरी चालतं, हे पाहायची मला चटक लागली होती, आणि ती पुण्याच्या क्लासमध्ये भागणार नव्हती.

पहिल्या दिवशी मी एकच चॅनल केला. नाव दिलं 'चाचणी'. त्यात माणसं दोन, मी आणि पियुष. एपीआयने त्याला पत्ता दिला, अक्षरं आणि आकडे यांची नुसती भेळ. तो मी पियुषला दिला.

"आता याच्यावर मेल पाठवा. काहीही लिहा."

"काहीही?"

"हाव. चाचणीच आहे ती."

तो दोन मिनिटं फोनवर वाकून बसला. मग माझ्या स्क्रीनवर चॅनलमध्ये टप्पकन मेल पडली. विषय – तक्रार. मजकूर – 'सकाळी सिग्नलवर एका मॅडमले सावली दिली. अजून धन्यवाद आलेले नाहीत. संबंधितांनी लक्ष द्यावे.'

मी हसू दाबलं आणि उत्तर लिहिलं, 'तक्रार मिळाली. चौकशी सुरू आहे.'

पुढचे दिवस हेच. मी स्क्रिप्ट लिहायची, तो चाचणीच्या मेल पाठवायचा. 'तक्रार – कूलरची हवा फक्त एकाच खुर्चीवर जाऊन राहिली.' ती खुर्ची माझी होती, आणि कूलरच्या पट्ट्या त्यानेच सकाळी माझ्याकडे वळवलेल्या असायच्या. वाळ्याच्या ताट्यांमधून थंड, ओलसर वास यायचा, मधूनच पाण्याचा एखादा थेंब उडून मानेवर बसायचा. मी पुसत नसे. 'तक्रार – अभियंता मॅडम चहा अर्धा ठेवतात.' 'तक्रार – अभियंता मॅडम उद्या सुट्टीवर आहेत असं कळलं. हे बरोबर नाही.' कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्याभरात काम झालं. सगळ्या चॅनलना पत्ते निघाले, सगळे चालत होते. आता गिऱ्हाइकांना नवे पत्ते कळवायचे, पण त्याआधी पियुषने मधुकररावांना सांगायचं की चाचणी पूर्ण झाली. त्याच्या एका शब्दावर सगळं अडलेलं. मी लॅपटॉप बंद केला. तो उगाच टेबल आवरत होता.

"मंग… आता येणार नाही तू?"

"काम झालं ना."

"हाव," तो म्हणाला. "झालं खरं."

त्या संध्याकाळी घरी मी आईवर दोनदा विनाकारण खेकसले.

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात त्याचा फोन आला. "मेल येऊन नाही राहिली."

मी घाईघाईने लॉग उघडला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःहून ठेवतं ती नोंद – कुठली मेल आली, कुठल्या चॅनलला गेली. पियुषने सकाळपासून पाठवलेली प्रत्येक मेल आली होती. प्रत्येक चॅनलमध्ये पोचली होती. हिरवीगार ओळ, एकाखाली एक.

"कोणती मेल येत नाही?" मी विचारलं.

"सगळ्याच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं, सांगता नाही यायचं… पण ते बिघडलेल्या मेलचं दुःख नव्हतं.

मी हिरव्या ओळींकडे पाहिलं. म्हणायला पाहिजे होतं, 'खोटं बोलतोस.' मी म्हटलं, "बरं. येते मी."

मग हे सुरूच झालं. एक दिवस मौद्याची येत नाही, एक दिवस उमरेडची. एकदा म्हणे, 'येते पण मनापासून येत नाही.' मी प्रत्येक वेळी आधी लॉग पाहायची, हिरवं दिसलं की स्कार्फ बांधून निघायची. तिथे जाऊन तीच फाइल उघडायची, वर-खाली करायची, एक ओळ खोडायची आणि तीच ओळ परत लिहायची. तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा, फार काळजीने पाहायचा.

"सापडलं का?"

"अवघड आहे."

"निवांत पाह्य. घाई नाही."

तिथे चहापाणी पाहणाऱ्या यमुताई. कूलरमध्ये पाणी भरता भरता एकदा म्हणाल्या, "पोरी, तुह्या मशीनले नजर लागली का वं? मिरच्या ओवाळून टाकू का?" मग माझ्याकडे पाहिलं, पियुषकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून आमच्या दोघांच्या चहात साखर वाढली.

रविवारी तो गावी जायचा, मौद्याजवळ त्यांचं धानाचं शेत. सोमवारी येताना डबा. आईने काडीवर वळून, उन्हात वाळवलेले, जाड शेवयांसारखे सरगुंडे, सोबत बाटलीत आमरस. "आई विचारत होती, ज्या मॅडमची मेल येत नाही त्या जेवतात का नाही नीट," तो म्हणाला. मी म्हटलं, "आईले सांग, मॅडम तुह्या आईच्या भरवशावर जगून राहिल्या." तो हसला, आणि हसताना मान खाली घालायची त्याची जी सवय आहे ना… तीच माझ्या फार आवडीची झाली होती, एव्हाना.

एका दुपारी लाइट गेली. कूलर घुरघुरत बंद पडला आणि खोलीत एकदम शांतता. इतकी, की त्याच्या शर्टाच्या बाहीचा माझ्या हाताला झालेला स्पर्शही ऐकू आल्यासारखा वाटला.

"नूपुर…"

"काय?"

"काही नाही… लाइट आली की सांगतो."

लाइट आली. त्याने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि रस्ताभर स्वतःलाच बोल लावत गेले.

मग एका सकाळी श्वेता मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या रागावल्या की आवाज आणखी हळू होतो. त्या दिवशी जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"मधुकररावांचा फोन होता. म्हणाले, मुलगी सारखी येते पण मेल काही येत नाही. त्यांना आता दुसरीकडे द्यायचंय काम." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "शुक्रवारी मी स्वतः येतेय तिथे. नुसतं चालून भागणार नाही, इतके दिवस का लागले तेही सांगावं लागेल. ते पटलं नाही तर काम आपला ऋषिकेश करेल. आणि नूपुर, मग मी तुला कन्फर्म करू शकणार नाही."

मी तिथल्या तिथे लॉग दाखवू शकत होते. एक बटण दाबायचं काम. पण मी सुटले असते आणि पियुष अडकला असता. शिवाय मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला असता की हे तू आधी का नाही पाहिलंस. मी नुसती मान हलवली आणि खाली येऊन गाडी काढली.

त्याला मी पार्किंगमध्येच बोलावलं.

"मेल येते," मी म्हटलं.

त्याने गाडीची चावी या हातातून त्या हातात घेतली.

"पहिल्या आठवड्यापासून येते. तू खोटं काहून सांगून राहिला?"

"तू आली नसती ना मंग," तो म्हणाला. अगदी सरळ, लहान पोरासारखं.

दुसरी कुठली वेळ असती तर मी तिथेच विरघळले असते. पण मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते. "शुक्रवारी आमच्या मॅडम येऊन राहिल्या, मले कन्फर्म नाही करणार त्या. जूनमध्ये मी पुण्याले. मामाच्या घरी बसून बँकेची गणितं सोडवणार. तुले गंमत सुचली, अन् माह्या नोकरीवर आलं."

त्याचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं, नूपुर. आईशप्पथ."

"तुले काय माहीत असते?"

"मी साहेबांना सांगतो. आत्ता सांगतो."

"सांगशील अन् तुही नोकरी घालवशील. मोठं शहाणपण."

तो टिनाच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू? तुले तं लॉगमध्ये दिसत असन ना, मेल आली का नाही… तुले कधी दिसलंच नाही?"

आता खरं बोलायला हवं होतं. त्याने तो प्रश्न नुसत्या कामाचा म्हणून विचारला नव्हता, हे मला कळत होतं. पण राग आलेल्या माणसाला आपली बाजू सोडवत नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी तुह्या शब्दावर विश्वास ठेवला."

त्याने मान हलवली. काहीतरी विझलं त्याच्या चेहऱ्यावरचं. मी स्कार्फ बांधला, तीन वेढे, घट्ट. स्कार्फचा हा एक फायदा आहे, आत कोण रडतंय ते कळत नाही.

शुक्रवारी आम्ही सगळे मधुकररावांच्या केबिनमध्ये. ते मधोमध, नाकाच्या टोकावर चष्मा, समोर फोन. श्वेता मॅडम शेजारी. पियुष दाराजवळ उभा. यमुताई चहाचा ट्रे घेऊन आल्या त्या गेल्याच नाहीत. मी 'सर्व टीम' हा चॅनल उघडला. त्यात कंपनीतला एकूण एक माणूस, मौद्यापासून बुटीबोरीपर्यंत सगळे इंजिनीअर.

"कोणीतरी या पत्त्यावर मेल पाठवा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"मी पाठवतो," पियुष म्हणाला. त्याने फोनवर बोट ठेवलं, उचललं. मजकूर आधीच लिहून ठेवलेला होता बहुतेक.

केबिनमधले सगळे फोन एकदम वाजले. मधुकररावांनी त्यांचा फोन लांब धरला आणि सावकाश, एकेक शब्द उचलत मोठ्याने वाचलं –

'सर्वांना नमस्कार. ही मेल तुम्हाला पोचली असेल तर नूपुर मोहिते यांचं काम बरोबर आहे. ते पहिल्या आठवड्यातच बरोबर झालं होतं. मेल येत नाही असं मी खोटं सांगत होतो. मेल येते म्हटलं असतं तर त्या परत आल्या नसत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी एकट्याची आहे. पोचली असल्यास कळवावे. – पियुष गावंडे.'

मग फोन पुन्हा वाजला. मौद्याहून वसंतभाऊंनी लिहिलं होतं, 'पोचली.' उमरेडहून, 'पोचली साहेब.' कामठीहून, 'पोचली, नीट पोचली.' कोणीतरी नुसता अंगठा टाकला. चॅनल वरपासून खालपर्यंत 'पोचली'ने भरला.

"गावंडे," मधुकरराव म्हणाले, "हे काय वाचून राहिलो मी?"

"खरं आहे ते, साहेब."

श्वेता मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. किती दिवसांनी त्यांचा आवाज नेहमीसारखा आला. "म्हणजे नूपुर, तुझी काहीच चूक नव्हती. मी उगाच तुला… सोमवारी पत्र देते तुला. कन्फर्मेशनचं."

झालं. सगळं हातात आलं. पुणं गेलं, मामा गेले, बँकेची गणितं गेली. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं आणि चहा प्यायचा होता. पियुष माझ्याकडे पाहतही नव्हता. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत उभा होता, आणि त्याला खरंच वाटत होतं की तो एकटाच वेडा झाला होता.

मला ते सहनच झालं नाही.

"मॅडम, एकट्याची चूक नाही ती," मी म्हटलं. "मेल येत होती हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी रोज लॉग पाहत होते. रोज सगळं हिरवं. तरी मी येत होते." मी लॅपटॉप मॅडमकडे सरकवला. "मला यायचं होतं म्हणून."

पियुषने मान वर केली. त्या नजरेचं काय सांगू… कोणी आपल्याकडे तसं पाहिलं तर नोकरी, पुणं, बँक, सगळं जरा वेळ दूर कुठेतरी जातं. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला.

दारातून यमुताई म्हणाल्या, "अन् मी येडी मिरच्या ओवाळून राहिली होती."

मधुकररावांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. "गावंडे, मौद्याले एक माणूस कमी आहे. सोमवारपासून तिकडे. तीन महिने काट्याखाली उतर, बोल्ट कस. खोटं बोलायले टाइम नाही भेटणार."

श्वेता मॅडम माझ्याशी खाली गाडीपाशी बोलल्या. "काम चांगलं आहे तुझं, म्हणून ठेवतेय. पण पत्र आता नाही. तीन महिन्यांनी. आणि हा क्लायंट आजपासून ऋषिकेशकडे." मग दार उघडता उघडता म्हणाल्या, "गप्प बसली असतीस तर मला कळलंही नसतं गं." मला ते माहीत होतं. आणि तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

राहिले बाबा. जेवताना मी सांगून टाकलं, एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच. कन्फर्मेशन पुढे गेलं, का गेलं, कोणामुळे गेलं. आईची पोळी तव्यावर करपली. बाबा भात कालवत राहिले.

"मंजे मेल चालू होती," ते म्हणाले, "अन् तू रोज दुरुस्तीले जाऊन राहिली होती?"

"हाव."

"आमच्या खात्यात शोभली असती तू."

मला हसावं का रडावं कळेना. त्यांनी वरण वाढून घेतलं. मग म्हणाले, "गावंडे मंजे कुठले?"

"मौद्याजवळचे. धान आहे त्यांचं."

"हं." त्यांनी ताट बाजूला केलं. "क्लासचं तीन महिने राहू दे. मंग पाहू." हात धुवायला जाताना आईला म्हणाले, "पोरगी खरं बोलते. तेवढं बरं आहे." आईने करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि मला पाहून हळूच हसली.

पियुष सोमवारी मौद्याला गेला. मंगळवार गेला, बुधवार गेला. त्याला मला बोलवायला आता कारणच उरलं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि तरी दर फोनला मी उडत होते. गुरुवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मागे ट्रकांचे हॉर्न, कोणीतरी 'पुढे घे, पुढे घे' ओरडत होतं.

"नूपुर मॅडम का?"

"बोलून राहिली."

"मौद्याहून बोलतो. इथल्या चॅनलची मेल…" तो थांबला.

"येते ती," मी म्हटलं. "मी लिहिलंय ते."

"हाव. येते." मग नुसते हॉर्न. "चांगली येते. एकही चुकली नाही आतापर्यंत."

शेजारी ऋषिकेश बसला होता, त्याने सभ्य माणसासारखे कानात हेडफोन घातले.

"त्या दिवशी मेलमध्ये एक लिहायचं राहिलं," पियुष म्हणाला. "सगळ्या टीमले पाठवायचं नव्हतं ते. मले तू आवडते, नूपुर. लय दिवसांपासून."

"मले माहीत आहे," मी म्हटलं, आणि मग वाटलं, एवढ्याने भागायचं नाही. "मलेही तू आवडतो. आवडत नसता तं चांगली चालती मेल दुरुस्त कराले भर उन्हात कोण आलं असतं?"

तो हसला. मान खाली घालून हसला असणार, मला इथूनही दिसलं.

"पण आता पंचाईत आहे," तो म्हणाला. "इथं तं काहीच बिघडत नाही. तुले बोलवू कसं?"

"नाही बिघडलं तरी बोलव ना."

पलीकडे क्षणभर हॉर्नसुद्धा थांबल्यासारखे झाले.

"रविवारी ये मंग," तो म्हणाला.

"येते," मी म्हटलं.